आधी समोरच्याचा डबा

वकीलबाईंनी बर्फ कापायच्या खोलीत पाऊल ठेवलं आणि त्या शिंकल्या. आक्कानं खुंटीवरचा जाड जुना कोट काढून त्यांच्यापुढे धरला. मास्तर गेल्यापासून चार महिने तो कोट त्या खुंटीला तसाच होता. त्याला हात लावायचा धीर कुणाला झाला नव्हता.

"घाला. माझ्या नवऱ्याचा आहे," आक्का म्हणाली. "इथे कोटाशिवाय कुणी अर्धा तास टिकत नाही. आणि आज अर्ध्या तासात भागायचं नाही."

वकीलबाईंना वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. त्यांच्या हिशेबानं काम तासाभराचंही नव्हतं. आपल्या पक्षाचा, उदार संघाचा, ठराव घेऊन त्या आल्या होत्या: दोन्ही पक्षांनी एक व्हावं, एका नावानं, एकाच यादीवर निवडणूक लढवावी. उद्या दुपारी बारापर्यंत यादी भरायची होती. म्हणजे हो की नाही ते आज संध्याकाळच्या आत कळायला हवं होतं. त्यांच्या शहरात असला निर्णय चार जणांनी एका खोलीत चहाच्या कपावर घेतला असता. इथेही मत देणारे चारच होते, पण चहा नव्हता. लाकडी खोकी होती, पायाखाली ओला भुसा होता आणि भिंतीपलीकडे यंत्राची घरघर चालू होती.

नागरिक सभेची समिती एकोणपन्नास वर्षं याच खोलीत बसत आली होती. आबांनी, म्हणजे आक्काच्या वडिलांनी, पक्ष काढला तेव्हा आपल्या बर्फाच्या कारखान्याखेरीज दुसरी जागा नव्हती हे खरं. पण पुढे चांगली कौलारू कचेरी मिळाली तरी त्यांनी बैठक हलवली नाही. उबेत बसला की माणूस शिळं उगाळतो, गारठ्यात मुद्द्याचं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. लोकांनी पक्षाला 'बर्फवाले' नाव पाडलं. जमीनदारांचा थोरला पक्ष म्हणायचा, बर्फवाल्यांना घाम फुटत नाही. गिरण्यांतले संपवाले म्हणायचे, बर्फवाल्यांच्या अंगात रक्तच नाही. आबा दोघांचंही ऐकून घ्यायचे आणि दोघांच्याही सभांना बर्फ पोचता करायचे.

त्या बर्फवाल्यांनी काय काय पाहिलं, याचं आक्काला अजून नवल वाटे. पहिल्या निवडणुकीत एक जागा, तीही एकेचाळीस मतांनी. पण सभागृहात थोरले आणि संपवाले अगदी समसमान आले, आणि मधे बसलेल्या एका बर्फवाल्याच्या, म्हणजे आबांच्या, हाताला किंमत आली. दोघंही त्याच्या दारात येऊन गेले. थोरल्यांनी कारखान्याला जमीन देऊ केली, संपवाल्यांनी मंत्रिपद. आबांनी एकच मागितलं: पोलिसांनी माणूस धरला तर एका दिवसात त्याला कारण सांगायचं, नाहीतर सोडायचं. दोघांनाही ते नको होतं, पण दोघांनाही सत्ता हवी होती. कायदा झाला. आक्का तेव्हा एकवीस वर्षांची होती आणि तिला अक्षरओळख नव्हती. कायदा कागदावर कसा दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं. पण पुढच्याच महिन्यात पलीकडच्या गल्लीतला टांगेवाला चौकीतून दुसऱ्या दिवशी घरी आला. त्याआधी असा गेलेला माणूस दोन-दोन वर्षं परत येत नसे. टांगेवाल्याची बायको कारखान्याच्या दारात येऊन नुसती उभी राहिली. बोलली काहीच नाही. आबा तिला म्हणाले, "घरी जा बाई, इथे थंडी आहे." आणि आत येऊन, आपल्याला कुणी बघत नाही असं समजून, बर्फाच्या लादीवर दोन्ही हात टेकून बराच वेळ उभे राहिले.

नंतर पक्ष वाढला. अकरा जागा झाल्या. मग आक्काचा धाकटा भाऊ मंत्री झाला, त्यावरून पक्ष फुटला. मग जे राहिले ते पुन्हा फुटले. एका साली तर 'नागरिक सभा', 'मूळ नागरिक सभा' आणि 'खरी नागरिक सभा' अशा तीन पाट्या एकाच रस्त्यावर होत्या आणि टपालवाला तिन्हीकडची पत्रं आणून आक्काच्या हातात देई, तुम्हीच काय ते वाटून घ्या म्हणे. आता एकच पाटी उरली होती, आणि सभागृहात एकच जागा. कारखान्याचा मिस्त्री म्हणायचा, फुटायलाही माणसं लागतात, आता आपल्याकडे तेवढी नाहीत.

ती एक जागा दादाची. दादा आक्काच्या पाठचा भाऊ, पक्षाचा अध्यक्ष, साठी उलटलेला, आवाज असा की यंत्राच्या घरघरीवर मात करील. त्याचा या एकीला कडवा विरोध होता. मिस्त्री त्याच्या बाजूचा. अमोनियाचं यंत्र बेचाळीस वर्षं त्याच्या हाताखाली होतं आणि नातं नसूनही तो घरचाच होता. एकीच्या बाजूनं होती छोटी, दादाची मुलगी, जनावरांची डॉक्टर, छत्तीस वर्षांची घोडी झाली तरी नाव छोटीच. आणि तिच्या बाजूनं तिचा काका, तो धाकटा भाऊ, ज्याला चौदा महिन्यांच्या मंत्रिपदाबद्दल सगळं घर गेली बावीस वर्षं 'मंत्री' म्हणत होतं. आधी चिडवायला म्हणायचे, मग तेच नाव पडलं. दादा आणि मंत्री एकमेकांशी बैठकीबाहेर बोलत नसत. मीठ हवं असलं तरी एक जण आक्काला सांगायचा आणि आक्का दुसऱ्याला.

पाचवी जागा मास्तरांची होती. ती भरायची कुणी गोष्टच काढली नव्हती.

आक्का बैठकीची चालक. एकतीस वर्षं चालक. चालकाला मत नसे. समसमान झाली तरच मत. आणि पाच जणांत समसमान कधी झालीच नाही, त्यामुळे एकतीस वर्षांत आक्कानं हात वर केला नव्हता. आज पहाटे उठून तिनं बोटांवर मोजलं: दोन इकडे, दोन तिकडे. म्हणजे आबांचा पक्ष ठेवायचा की मोडायचा, ते आज तिच्या एका हातावर येणार. तिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. नाही म्हणायचं. वडिलांनी लावलेलं झाड आपल्या हातानं तोडायचं नाही, मग ते वठलेलं का असेना.

"सुरू करू," आक्का म्हणाली. "वकीलबाई, तुम्ही पाहुण्या. आमचा एक नियम आहे तेवढा ऐकून ठेवा. इथे कुणालाही आपलं म्हणणं आधी मांडता येत नाही."

"मग आधी काय मांडायचं?"

"समोरच्याचं."

तो नियम आबांचा. पहिल्याच बैठकीत दोघांची हातघाई झाली, बर्फ उचलायचा लोखंडी आकडा एकाच्या कपाळाला लागता लागता राहिला, तेव्हा आबांनी ठरवलं. कारखान्यात पत्र्याच्या उभ्या डब्यांत पाणी भरायचं, डबा काठोकाठ झाला की दुसऱ्यानं तपासून 'भरला' म्हणायचं, आणि मगच तो डबा गार खाऱ्या पाण्याच्या हौदात सोडायचा. अर्धा डबा सोडला तर तो तरंगतो, कलंडतो, सगळा घाणा बिघडवतो. बैठकीतही तसंच. ज्याला विरोध करायचा त्याचं म्हणणं आधी तुम्ही मांडायचं, त्याच्या तोंडानं, 'मी' म्हणून. तो 'भरला' म्हणेपर्यंत तुमची पाळी येत नाही. थोरल्यांचे लोक याला पोरखेळ म्हणत. एकदा पक्षातलाच एक जण नियम चुकवून मधेच बोलला, म्हणजे मंत्रीच, सरकारात जायच्या वेळी. त्यातून काय झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं.

"दादा," आक्का म्हणाली, "छोटीचा डबा भर."

दादानं कोटाच्या बाह्या झटकल्या. मुलीकडे बघितलं नाही. भराभर बोलून मोकळा झाला: मी छोटी, मला वाटतं, पक्ष लहान आहे, लहान पक्षाला लोक मत देत नाहीत, मोठ्या पक्षात गेलं तर देतील, म्हणून जावं. झालं.

"नाही भरला," छोटी म्हणाली.

"तळालाही ओल आली नाही," मंत्री पुटपुटला. आक्कानं त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तो गप्प झाला.

दादानं पुन्हा सुरुवात केली. या वेळी जरा सावकाश. मी गावोगाव गोठ्यांत फिरते, तो म्हणाला. लोक मला बसायला खोकं देतात, हात धुवायला गरम पाणी देतात, म्हणतात तुमची माणसं चांगली. आणि मत देत नाहीत. म्हणतात, तुम्हाला मत म्हणजे वाळूत पाणी. आजारी म्हशीपाशी मी औषधाशिवाय गेले आणि नुसती पाठ थोपटली, तर मालक मला चांगली म्हणेल, पण पुन्हा बोलावणार नाही.

हे त्याला कुठून सुचलं, आक्काला कळेना. छोटी घरी असं काही बोलली नव्हती. पण छोटीचा चेहरा बदलला होता. ती म्हणाली, "अर्धा झाला."

दादानं गुडघ्यांवर हात ठेवले. यंत्राचा ठोका भिंतीतून येत राहिला. मग तो बोलला तेव्हा त्याचा आवाज सभागृहातला नव्हता.

"गेल्या वर्षी सरकारनं आबांचा कायदा बदलायला काढला," तो म्हणाला. "एका दिवसाचे सात दिवस करायला. आमच्याकडे एक मत होतं. माझे बाबा एक तास बोलले. मी वर गॅलरीत बसले होते. असं भाषण मी उभ्या आयुष्यात ऐकलं नव्हतं. थोरल्यांनीही बाकं वाजवली. आणि मग मत झालं आणि कायदा गेला. बाबा बाहेर आले तेव्हा लोक त्यांचे हात हातात घेत होते आणि बाबांच्या चेहऱ्यावर..." इथे तो अडला.

कुणी मदत केली नाही. नियमच तसा होता.

"बाबांच्या चेहऱ्यावर समाधान होतं," दादा म्हणाला. "मला ते दिसलं आणि भीती वाटली. बाबांना एकटं उभं राहायची गोडी लागलीय. हरलं तरी चालतं, सुंदर हरलं म्हणजे झालं. आणि तिकडे चौकीत माणसं सात-सात दिवस पडलीत."

छोटीनं बापाकडे नीट पाहिलं. ती हे कधी बोलली नव्हती, बोलणारही नव्हती. "भरला," ती म्हणाली.

आक्कानं हात चोळले. बर्फाच्या लादीसारखं काहीतरी त्या खोलीच्या मध्यभागी येऊन उभं राहिलं होतं, आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. एकोणपन्नास वर्षांत तिनं शेकडो डबे भरलेले पाहिले होते. पण आपल्याच विरुद्ध इतकं खरं बोलणारा माणूस तिनं पाहिला नव्हता, आणि तो तिचा हट्टी, बढाईखोर भाऊ होता.

आता छोटीची पाळी. तिला बाबांचा डबा भरायचा होता. ती खोक्यावर पुढे सरकून बसली, आणि वडिलांची ती गुडघ्यांवर हात ठेवायची लकब आपसूक तिच्या अंगात आली. मी दादा, ती म्हणाली. मला मोठा पक्ष ठाऊक आहे. मोठ्या पक्षात यादी वरून येते. 'जरा थांबा' म्हणणाऱ्या माणसाला तिथे कुणी थांबून ऐकत नाही. इथे एकटा मिस्त्री सगळ्यांना थांबवू शकतो आणि थांबवतोही. उद्या सत्तेसाठी चार जागा कमी पडल्या की पहिली कुठली गोष्ट सोडतील? चौकीतल्या माणसाचीच. कारण चौकीतल्या माणसाला मत नसतं आणि त्याच्यासाठी कुणी मत देत नाही.

"अजून," दादा म्हणाला.

"मला मुलगी म्हणते मी खुर्ची सोडत नाही. तसं नाही. मी गेलो की एक गोष्ट आठवणारं कुणी राहणार नाही, याची मला धास्ती आहे. एकदा या देशात एकच हात पुरेसा ठरला होता. मोठ्या पक्षात वाढलेल्या पोरांना ते खोटं वाटेल. त्यांना वाटेल, हात हजारोंनीच लागतात. आणि मग ज्याच्या मागे हजार नाहीत तो बोलायचाच थांबेल."

तिनं बोलणं थांबवलं आणि स्वतःच दचकल्यासारखी झाली. दादानं मान हलवली. त्याला 'भरला' म्हणायलाही जमेना, तेव्हा आक्कानं विचारलं आणि त्यानं डोळे मिटून होकार दिला.

आता दोघांनाही आपापलं बोलायची मोकळीक होती. नियमाप्रमाणे ज्यानं डबा आधी भरला तो आधी. आक्का म्हणाली, "दादा, बोल."

"माझं काही उरलं नाही," दादा म्हणाला. "तिचं बरोबर आहे. एक व्हायला हवं."

"नाही बाबा," छोटी म्हणाली. "तुमचं बरोबर आहे. मी सकाळपर्यंत उगाच... आत्या, मी मत बदलतेय. नको एकी."

वकीलबाई एकदा बापाकडे, एकदा लेकीकडे बघत राहिल्या. त्यांनी हळूच मंत्र्याला विचारलं की हे असं नेहमी होतं का. मंत्री म्हणाला, नेहमी नाही, पण होतं. एकदा तर माळ्यानं आणि खाटकानं इतक्या वेळा बाजू बदलल्या की शेवटी दोघांनी चिठ्ठी टाकली. वकीलबाई म्हणाल्या, आमच्याकडे बैठकीत अजून कुणाचंच मत बदललेलं मी पाहिलं नाही. त्या हे तक्रारीसारखं म्हणायला गेल्या होत्या, पण बोलता बोलता त्यांचा सूर बदलला.

मंत्र्याची मात्र पंचाईत झाली होती. तो एकीच्या बाजूनं आला होता, त्यात निम्मं कारण दादा विरुद्ध होता हे होतं. आता दादाच एकीच्या बाजूनं आला. मंत्र्यानं मान खाली घातली, भुशात बुटाचं टोक रुतवलं, आणि म्हणाला, "दादा, बावीस वर्षांनी आपण एका बाजूला आलो. मला काय करायचं ते सुचेना." हे तो थेट दादाला म्हणाला, आक्कामार्फत नाही. दादानं त्याच्याकडे न बघता आपल्या खोक्यावर थोडी जागा केली. मंत्री उठून तिथे जाऊन बसला. दोन म्हातारे एका खोक्यावर, मांडीला मांडी लावून.

आता सगळ्यांच्या नजरा मिस्त्रीकडे. तो तर दादाच्या मागे जाणारा. पण मिस्त्री म्हणाला, "माझं 'नाही'च आहे. दादा फिरला म्हणून मी फिरत नाही. माझा डबा कुणी भरलाच नाही."

खरं होतं. वाद बाप-लेकीचा, म्हणून त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आक्काला शरम वाटली. चालक ती होती. तिनं विचारलं, तुझं काय म्हणणं आहे ते सांग तरी. मिस्त्रीनं आढेवेढे घेतले, मग सांगितलं. गेल्या महिन्यात दादाचं पत्र घेऊन तो उदार संघाच्या कचेरीत गेला होता. दारातल्या कारकुनानं त्याच्या हातावरचं तेल बघितलं आणि म्हणाला, माल मागच्या दारानं. बस्स, एवढंच.

वकीलबाईंचा चेहरा पडला. त्यांनी लगेच माफी मागितली, कारकुनाला समज देते म्हणाल्या.

"माफी नको," आक्का म्हणाली. "डबा भरा."

"मी?"

"तुमच्याच दाराबद्दल बोलतोय तो. तुम्हीच भरायला हवा."

वकीलबाईंनी मास्तरांच्या कोटात हात खोल खुपसले. मी मिस्त्री, त्या म्हणाल्या. मला राग आला, कारण या लोकांना गर्व आहे. मिस्त्री म्हणाला, नाही. त्या म्हणाल्या, मला वाटतं हे लोक समतेच्या गोष्टी बोलतात आणि वागतात वेगळं. मिस्त्री म्हणाला, ते तर सगळेच. नाही भरला. वकीलबाईंनी कोटाची कॉलर वर ओढली. खोलीत इतका गारठा होता की त्यांच्या श्वासाची वाफ दिसत होती. आक्काला वाटलं, आता या घड्याळ बघतील, उठतील, आणि प्रश्न आपोआप सुटेल. मनातल्या मनात तिनं तशी वाटही पाहिली.

पण वकीलबाई उठल्या नाहीत. त्या मिस्त्रीच्या चेहऱ्याकडे नाही, हातांकडे बघत होत्या. मग अगदी हलक्या आवाजात, थांबत थांबत त्या बोलल्या.

"मी मिस्त्री. माझ्या पक्षात मी बेचाळीस वर्षं सगळ्यांच्या बरोबरीनं बसतो. अध्यक्षाला थांब म्हणतो आणि तो थांबतो. त्या दिवशी एक पोरगेला कारकून मला म्हणाला, मागच्या दारानं. आणि मी गेलो. काही बोललो नाही. पत्र आहे, माल नाही, एवढंही म्हणालो नाही. माझे पाय आपोआप वळले. मला त्याचा राग आलेला नाही. मला माझ्या पायांची लाज वाटली. बेचाळीस वर्षांत मी जे झालो ते एका शब्दात पुसलं गेलं. त्या घरात राहायला गेलो तर मी पुन्हा तो पहिला माणूस होईन, आणि या वेळी मला ते कळणारही नाही."

मिस्त्रीनं टोपी काढली. तो टोपीच्या आत बघत राहिला. त्यानं हे बायकोलाही सांगितलं नव्हतं.

"भरला," तो म्हणाला. आणि मग, सगळे त्याच्याकडे आशेनं बघतायत हे दिसल्यावर, "पण माझं मत अजून 'नाही'च आहे."

"असू दे," आक्का म्हणाली.

मतं घेतली. दादा, मंत्री, एकीच्या बाजूनं. छोटी, मिस्त्री, विरुद्ध. माणसं बदलली, आकडा सकाळचाच राहिला. आक्काला एकदम हसू आलं. आता ती उरली.

चालकाला दोन्ही डबे भरावे लागतात, पण ते सगळ्यांच्या देखत भरून झाले होते. तिला फक्त बोलायचं होतं. ती उठून उभी राहिली. पहाटेचं 'नाही' तिच्या जिभेवर अजून होतं. तिनं ते शोधलं आणि ते तिथे आहे याची खात्री करून घेतली.

"मी पाच फुटी पाहिल्या," ती म्हणाली. "दर वेळी आपण कमी झालो आणि म्हणालो, बरं झालं, गाळ गेला. पाणी निवळलं. मीही म्हणाले. मास्तर मला म्हणायचे, तुझ्या बापाच्या कारखान्यात वाढून तुला एवढं कळत नाही का? स्थिर पाण्याचा बर्फ दुधी होतो. डब्यात नळी सोडून हवा फुंकत ठेवायची, पाणी सतत ढवळत ठेवायचं, तर काचेसारखा होतो. मी म्हणायचे, ती बर्फाची गोष्ट, ही माणसांची."

तिनं वकीलबाईंकडे पाहिलं.

"आबांचं नाव जाईल, पाटी जाईल, याचं मला वाईट वाटतंय. खोटं कशाला बोलू. आज मी नाही म्हणायला आले होते. मला वाटायचं, हे आपण एवढेच जण करू शकतो, या खोलीतले. हे परक्याला येणार नाही, रक्तात असावं लागतं. आणि ही बाई दुपारी आली, शिंकली, आणि दिवस मावळायच्या आत मिस्त्रीच्या पायांत जाऊन उभी राहिली. आम्हाला बेचाळीस वर्षांत त्याचं हे कळलं नाही." तिनं मिस्त्रीकडे पाहिलं. "ज्यांना हे एका दुपारी शिकता येतं त्यांच्यापासून पक्ष कशाला लपवून ठेवायचा?"

आणि तिनं हात वर केला.

तो हात कसा धरायचा हेही तिला नीट ठाऊक नव्हतं. खांद्यातून कळ आली. मोजायचं काम मंत्र्याचं, आणि मंत्री मोजायचं विसरून नुसता बघत राहिला होता. शेवटी दादाच म्हणाला, "मोजला आक्का. खाली घे आता. तीन विरुद्ध दोन." मग त्यानं नाक शिंकरलं आणि दोष गारठ्याला दिला.

वकीलबाईंनी पिशवीतून करारनामा काढला. त्यांनी विचारलं, हा तुमचा नियम कितव्या कलमात घालू? आक्का म्हणाली, तो आमच्याही घटनेत कधी लिहिला नाही. लिहिलं की लोक कलम वाचतात, समोरच्याचं तोंड बघत नाहीत. वकीलबाईंनी पेन पुन्हा टोपणात घातलं, आणि मग आठवण येऊन सहीसाठी पुन्हा काढलं. दादानं सही केली, अध्यक्ष म्हणून शेवटची. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. एकोणपन्नास वर्षांचा पक्ष चार दहाला संपला, आणि आश्चर्य असं की खोलीत काहीच पडलं-झडलं नाही, पलीकडे यंत्र तसंच चालू होतं.

आक्का सह्यांचे कागद गोळा करत होती. मागे खोकं ओढल्याचा आवाज आला म्हणून तिनं वळून पाहिलं. मिस्त्री आपलं खोकं ओढत छोटीपाशी घेऊन गेला होता.

"डॉक्टर," तो म्हणाला, "नव्या पक्षात विरोधात आपण दोघंच दिसतोय."

छोटीनं डोळे पुसले. "तूर्त तरी दोघंच."

"मग बसून घेऊ. तुमचा विरोध एका कारणानं, माझा दुसऱ्यानं. आपलंच जमत नसेल तर संघाच्या त्या शंभर चष्मेवाल्यांपुढे काय बोलणार? मी तुमचं मांडतो. तुम्ही सांगा भरला की नाही."

"थांबा काका. आधी मी तुमचा भरते."

"वयाचा मान ठेवा. आधी मी."

त्यावरून त्यांची जुंपली. वकीलबाई, अंगात अजून मास्तरांचा कोट, निघायच्या बेतात होत्या. दारापर्यंत जाऊन त्या परत आल्या, एक रिकामं खोकं बघितलं, आणि त्या दोघांपासून थोडं अंतर ठेवून, ऐकायला बसल्या. आक्कानं कागदांवर वजन ठेवलं. तिचा पक्ष मोडून पाच मिनिटंही झाली नव्हती, आणि नव्याच्या एका कोपऱ्यात दोन माणसं, कुणी न सांगता, एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली होती.